चेहरा की निरोप

धाकट्या लेकीला मुलगी झाली, त्याच वर्षी आमच्या हिला फुप्फुसाच्या इस्पितळात ठेवावं लागलं. इस्पितळ घरापासून बसने सात तासांवर. तिच्या वॉर्डात नातेवाइकाला सोडत नसत, आणि फोनवर बोलायला तिला दम पुरत नसे. चार वाजता नर्स तिच्याजवळ बसे, ती बोलेल ते कागदावर उतरवी, आणि कचेरीतली बाई ते मला फोनवर वाचून दाखवी. बाई कायम घाईत. हिचं बोलणं तिच्या तोंडून ऐकून पोट भरत नसे.

मग इस्पितळाने यासाठी वेबसाइट करायची ठरवली. दोघांनी दोन नमुने करून आणले. चालवणार एकच, कारण सांभाळायला माणूस एकच. कोणती ते नातेवाइकांनीच सांगावं, म्हणून मोठ्या डॉक्टरांनी पाच जणांना बोलावलं: एक मास्तरीणबाई, एक किराणावाले, एक ट्रकवाला, एक आजीबाई आणि मी. मी दुकानांच्या पाट्या रंगवणारा, मला दिसण्यातलं कळतं असं धरून त्यात माझं नाव घातलं. खरं सांगायचं तर तीस वर्षं मी अक्षरं नुसती चित्रासारखी रंगवली. वाचायला हिने शिकवलं, माझ्या चोपन्नाव्या वर्षी, भाजी निवडता निवडता.

बैठक दुसऱ्या मजल्यावर होती. ही तिसऱ्यावर. जिन्यापाशी मी उभा राहिलो, तर शिपाई म्हणाला, "बाबा, वर नाही." मी म्हटलं, "माहीत आहे रे, नुसतं बघतोय." बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. एक पांढरं दार होतं.

पहिला नमुना एका मोठ्या कंपनीचा. तिचा टायवाला माणूस भिंतीवरच्या पडद्यासमोर उभा राहिला. बटण दाबलं आणि पडद्यावर पलंगावरची एक बाई दिसली, हलती, हसती. "पलंगाशी कॅमेरा राहील," तो म्हणाला. "रोज चार वाजता तुमचं माणूस तुमच्यासमोर."

मी उठून मागच्या भिंतीला टेकलो. पाटी कशी उठते ते रस्त्यापलीकडून बघायचं, ही आमच्या धंद्याची रीत. तिथूनही ती बाई झकास दिसत होती. रंग नेमके, अक्षरांना श्वास घ्यायला जागा.

"ही घ्या," मी तिथूनच म्हटलं. "दुसरी बघायला नको."

"बघायला तर हवी, काका," दुसऱ्या नमुन्याची मुलगी म्हणाली. जाड चष्मा, सोबत कुणी नाही. तिने पडदा लावलाच नाही. "आपापले फोन काढा. घरी तुम्ही त्यावरच बघणार ना?"

माझा फोन धाकटीने वापरून टाकलेला. त्यावर कंपनीची वेबसाइट उघडायला घेतली. एक गोल चक्र फिरू लागलं. फिरतंय, फिरतंय. आजीबाईंच्या तडकलेल्या फोनवर तेवढंही नाही, नुसतं पांढरं. ट्रकवाल्याच्या फोनवर त्या बाईचं कपाळ आलं आणि तिथेच अडलं.

"फोन जरा जुने आहेत," टायवाला म्हणाला. "बदलले की झालं."

"का, वेबसाइटबरोबर फोन फुकट देताय?" ट्रकवाला म्हणाला.

मी चष्मेवालीला विचारलं, "असं का होतं गं?"

"त्यांनी सगळा कारखाना तुमच्या फोनवर धाडलाय, काका. पीठ, तेल, चूल, भांडी, सगळं तुमच्या दारात, आणि म्हणे करून खा. मी इथल्या सर्व्हरवर रांधते आणि वाढलेलं ताट पाठवते."

"म्हणजे नाकापेक्षा मोती जड."

"तसंच. पण माझ्या ताटात चेहरा नाही हं, नुसती अक्षरं. खोटं कशाला सांगू?"

तिचं पान मी बोट लावताच उघडलं. पांढऱ्यावर काळं, मोठं, एकाखाली एक. पाटी म्हणून मी त्याला दहात चार दिले असते. आजीबाईंनी फोन नाकाजवळ धरला आणि एकेक शब्द मोठ्याने वाचून काढला.

मग मतं. मास्तरीणबाई आणि किराणावाले कंपनीकडे. ट्रकवाला आणि आजीबाई मुलीकडे. उरलो मी.

माझ्या भाचीकडे नवा फोन होता, घर दोन गल्ल्या सोडून. रोज चार वाजता तिच्याकडे गेलो असतो तर मला ही दिसली असती. हे मला तिथे बसल्या बसल्या कळत होतं. आजीबाईंना भाची नव्हती. त्यांचा नवरा वर होता आणि हातात तो फोन.

"लवकर बोला हो," किराणावाले म्हणाले.

"मुलीची," मी म्हटलं.

मास्तरीणबाई माझ्याकडे वळल्या. त्यांचा वीस वर्षांचा मुलगा दोन महिने वॉर्डात होता. "तुमचं काय जातंय? मला माझं पोर बघायचं होतं."

माझंही तेच जात होतं, पण ते बोललो असतो तर रडलो असतो.

वेबसाइट पुढच्या आठवड्यात सुरू झाली. चार वाजले की मी ओट्यावर बसून पान उघडायचो. नर्स बोललेलं जसंच्या तसं टाकायची. "अहो, इथल्या भिंतीचा रंग बघितलात तर दोन दिवस जेवायचे नाही." "अहो, शेजारची घोरते. तुमची आठवण येते." मी शब्दावर बोट ठेवून वाचायचो, एकदा, दोनदा. वाचताना आवाज तिचाच यायचा. चेहरा मात्र येईना. डोळे आठवले की हनुवटी सुटायची.

शेवटी मी चष्मेवालीला फोन केला. म्हटलं, "तुझ्या ताटात एक फोटो मावेल का? छोटासा?"

"मावेल की. बोट लावलं तरच उघडेल असा ठेवते, म्हणजे बाकीचं अडणार नाही. काकूंना विचारा."

पानाखाली आम्हालाही लिहायला जागा होती, नर्स ते तिला वाचून दाखवी; मी तिथे लिहिलं. माझ्या तीन ओळींना अर्धा तास लागला. उत्तर आलं, "केस गेलेत. माझं तोंड विसरलात की काय? चाळीस वर्षं फुकट गेली म्हणायची."

मी पुन्हा लिहिलं. "नाही म्हटलं ना." पुन्हा लिहिलं. "हट्टी मेले." मी रोज लिहीत राहिलो. तिचे शब्द कमी कमी होत गेले, कधी दोनच. मी म्हटलं, केस नसू देत, डोक्याला फडकं बांध, मागे वळून बस, कशीही बस.

मंगळवारी उत्तर आलं, "बरं बाबा. सोमवारी काढते. नर्स टोपी विणून देणार आहे."

माझी बायको त्याच आठवड्यात, एकोणीस नोव्हेंबरला, गुरुवारी, सकाळी सव्वासहाला वारली.