पान सतरा ते बत्तीस

छापखान्यात त्यांना सगळे मास्तर म्हणत. ते कुठल्या शाळेत कधी शिकवायला नव्हते. पण दुसऱ्याची चूक दिसली की त्यांचा चेहरा जसा होई, त्यावरून हे नाव पडले होते. काम प्रुफे तपासण्याचे. एकतीस वर्षे परक्यांची वाक्ये वाचून त्यांचे एक मत पक्के झाले होते: लिहिणाऱ्यांना लिहिता येत नाही आणि वाचणारे वाचत नाहीत.

निवडणूक आली की हे मत आणखी घट्ट होई. यंदा तीन पक्षांनी आपापली पुस्तिका त्यांच्याच छापखान्यात टाकली. तिघांनाही ‘आमची मूलतत्त्वे’ असे एक प्रकरण हवे होते आणि तिघांपैकी एकालाही ते लिहिता येत नव्हते. मालक म्हणाले, “मास्तर, तुम्ही एवढी पुस्तकं चाळता. द्या की खरडून.”

मास्तरांनी तिघांनाही लिहून दिले. मोकळ्या बाजाराच्या पक्षासाठी लिहिले की माणूस आपल्या आयुष्याचा धनी आहे. त्याने काय विकावे, काय बोलावे, कशावर विश्वास ठेवावा यात सरकारने नाक खुपसू नये. या पक्षाचे अध्यक्ष सरकारी गोदामाच्या ठेक्यासाठी रोज सकाळी सात वाजता एका मंत्र्याच्या फाटकापाशी उभे असत. कामगारांच्या पक्षासाठी लिहिले की संपत्ती कष्टातून निपजते, म्हणून यंत्रे आणि कारखाने कष्ट करणाऱ्यांच्या सामायिक मालकीचे हवेत. परंपरेच्या पक्षासाठी लिहिले की जुन्या रीतींमध्ये कित्येक पिढ्यांचे शहाणपण मुरलेले असते, तेव्हा काहीही मोडण्याआधी दहादा विचार करावा. त्यांच्या अध्यक्षांनी तीन पक्ष मोडून हा चौथा काढला होता. सत्ताच नको म्हणणारेही दोघे एकदा येऊन गेले. ऑर्डरच्या कागदावर सही कोणी करायची यावरून त्यांचे बिनसले आणि ते आले तसे निघून गेले. मास्तरांना त्यातल्या त्यात तेच बरे वाटले.

तिन्ही पुस्तिका एका मापाच्या, अठ्ठेचाळीस पानांच्या. सोळा पानांचा एक फॉर्म, असे तीन फॉर्म एकापुढे एक लावून शिवायचे. पहिल्यात अध्यक्षांचे फोटो, तिसऱ्यात कार्यकारिणीची नावे. मधल्यात, पान सतरा ते बत्तीस, मूलतत्त्वे. फॉर्मच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात पुस्तकाची खूण छापायची रीत होती, म्हणजे जुळणी करणाऱ्याला कुठला फॉर्म कुठल्या पुस्तकाचा ते कळावे. कामगार पक्षाच्या चिटणिसांना ती खूण खटकली. “हे मधेच काय बारीक बारीक? घाण दिसतं.”

“काढतो,” मास्तर म्हणाले. अशा माणसाला समजावण्यात श्वास घालवायचा नाही, हा त्यांचा नियम होता. आणि एकाची काढली तशी तिघांचीही काढून टाकली.

जुळणीला, म्हणजे छापलेले फॉर्म क्रमाने लावून शिवायला, त्यांची धाकटी बहीण होती. छापखान्यात तिला ताई म्हणत. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच राही. मागच्या वर्षी तिच्या हातून कॅलेंडरांत दोन एप्रिल शिवले गेले होते, तेव्हा मालकांनी बजावले होते, “पुन्हा असं झालं तर घरी बसायचं.” म्हणून ती काळजीने म्हणाली, “दादा, खूण नसली तर मी कशावरून ओळखू?”

“वाचून ओळख. वाचता येतं ना?”

ती दिवसाला तीन हजार फॉर्म हाताळत असे.

पुस्तिका गेल्या. आठवड्याने रविवारी मास्तरांनी चहा घेता घेता कामगार पक्षाची प्रत उघडली. आपलेच प्रकरण पुन्हा वाचावे एवढी हौस त्यांनाही होती, फक्त ती कोणाला कळू नये असे वाटे. पान सतरावर लिहिले होते: बाजाराला त्याचे काम करू द्या. त्यांनी कपबशी खाली ठेवली. मोकळ्या बाजारवाल्यांची प्रत काढली. तिच्यात कारखाने कामगारांच्या हवाली केले होते.

ताईने दोन्ही प्रती उघडून शेजारी शेजारी ठेवल्या. “गेली माझी नोकरी, दादा.”

“थांब. आधी कोणी वाचलंय का ते बघू.”

दुसऱ्या दिवशी ते कामगार पक्षाच्या कचेरीत गेले. चिटणीस पंख्याखाली पाय पसरून बसले होते.

“या मास्तर! काय झकास पुस्तिका केलीत! मी तर अक्षर न् अक्षर वाचली.”

मास्तरांनी पान बावीस उघडले आणि घसा खाकरून वाचले, “‘स्पर्धेत जो हरला, त्याला सरकारने सावरत बसू नये.’ हे... जरा कडक वाटतं का?”

“अजिबात नाही! ते तर आमचं काळीज आहे. सभेत टाळ्या पडल्या त्याला.” मग आवाज उतरवून म्हणाले, “फक्त सदतिसाव्या पानावर माझं नाव खजिनदाराच्या खाली गेलंय. ते नाही आवडलं आपल्याला.”

बाजारवाल्यांकडेही तेच झाले. अध्यक्षांनी सामायिक मालकीच्या परिच्छेदाखाली लाल रेघ ओढून ‘उत्तम’ असे लिहिले होते.

मास्तर घरी आले ते जवळजवळ खुशीत. ताईला म्हणाले, “निश्चिंत राहा. या गाढवांच्या पुस्तिकेत मी धुण्याची यादी घातली असती तरी चाललं असतं.”

ताई म्हणाली, “सगळेच तसे नसतील रे.”

“दाखव एक.”

तो एक गुरुवारी दुपारी छापखान्याच्या दारात उभा राहिला. निवृत्त पोस्टमन, कामगार पक्षाचा चाळीस वर्षांचा सभासद. शर्टाची सगळी बटणे लावलेली, हातात पुस्तिका, मधल्या पानांना दोरा बांधलेला. मालक समोरच टेबलाशी होते. पलीकडे ताई फॉर्म दुमडत होती. तिचा हात थांबला.

“प्रुफं कोण बघतं इथं?”

“मी,” मास्तर म्हणाले.

“मग तुम्हीच सांगा. ही सोळा पानं आमच्या पक्षाची आहेत की नाहीत?”

मालक हसले. “आजोबा, पुस्तिका तुमच्या चिटणिसांना पसंत आहे.”

“त्यांच्याकडेच गेलो होतो. म्हणाले, डोक्याच्या डॉक्टरला दाखवा. घरी सून म्हणते, बाबा, तुम्हाला हल्ली काहीच्या काही दिसतं.” पोस्टमन मास्तरांकडे वळला. “आयुष्यभर मी पत्ते वाचले, साहेब. चुकीच्या घरात पडलेलं पत्र मला कळतं. पण सगळेच म्हणायला लागले की नाही, तर... माझ्या मोठ्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी अक्षरं गेली, मग माणसं. आता मी रोज सकाळी नातवंडांची नावं मनात म्हणून बघतो. एकदा काय ते सांगून टाका. माझं डोकं चाललंय का?”

मास्तरांनी पुस्तिका हातात घेतली. एक वाक्य पुरले असते. ‘नवीन धोरण आहे तुमच्या पक्षाचं,’ असे म्हटले की म्हातारा निघून जाणार होता. ताईची नोकरी राहणार होती, आणि मास्तरांचे एकतीस वर्षांचे मतही. त्यांनी ताईकडे पाहिले. ती मान खाली घालून उभी होती.

आणि मग मास्तरांना नमुना प्रत आठवली. शिवून आलेली पहिली प्रत त्यांच्याकडेच तपासायला आली होती. त्यांनी कोपऱ्यातले आकडे पाहिले होते. सोळानंतर सतरा, बत्तिसानंतर तेहतीस. खाली सही ठोकली होती. ही असली पुस्तिका काय वाचायची, म्हणून.

“तुमचं डोकं ठीक आहे, काका,” ते म्हणाले. “पानं तुमच्या पक्षाची नाहीत. बाजारवाल्यांची आहेत. तुमची तिकडे शिवली गेलीत.”

मालकांची खुर्ची करकरली. “मास्तर! जुळणी कोणाची होती?”

“जुळणीचं सोडा. खूण मी काढली. नमुना मी पास केला, न वाचता. चूक माझी आहे.”

“दोन्ही पक्ष खूश असताना तुम्हाला कबुलीची हौस आली? अहो, असलं कोण वाचतं!”

“हे वाचतात.”

“मग यांच्याकडेच काम मागा. उद्यापासून येऊ नका.”

ताईने तोंड उघडले. मास्तरांनी डोळ्यांनीच तिला गप्प केले. तशी ती वळली, कोपऱ्यातल्या उरलेल्या गठ्ठ्यातून एक मधला फॉर्म काढला, या वेळी पहिल्या ओळीवर बोट ठेवून नीट वाचला, आणि मालकांच्या देखत तिथल्या तिथे पोस्टमनची प्रत उसवून पुन्हा शिवून दिली.

पोस्टमनने उभ्यानेच वाचायला सुरुवात केली. दोन पाने झाली तेव्हा त्याचे खांदे सैल पडले. “हं. हे आमचं.” मग उसवलेली सोळा पानेही त्याने उचलली. “पण हेही कोणीतरी जीव लावून लिहिलंय हो. सरकारच्या हाती सगळे कारखाने गेले, तर सरकारशी भांडणाऱ्या कामगारानं नोकरी कोणाकडे मागायची, असं अठ्ठाविसाव्या पानावर विचारलंय. चाळीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. दोन दिवस मी त्याचं उत्तर शोधतोय.”

मास्तरांचे कान लाल झाले. ‘मी लिहिलंय’ हे काही त्यांच्या तोंडून निघेना. त्यांनी टेबलावरची प्रुफे उचलून मालकांच्या पुढ्यात ठेवली, रिकाम्या झालेल्या जागेपाशी एक स्टूल ओढले आणि हातरुमालाने पुसले.

“बसा,” ते म्हणाले. “काय उत्तर काढलंत?”