ठेव

नदी समुद्राला मिळते तिथे तिची वाळू पाण्याखाली साचते आणि त्या वाळूवरून एक लाट उजवीकडे अशी उलगडत जाते की माणसाने घरदार विसरावं. विसरतातही. कुठकुठली माणसं डास, चिखल आणि होडीचा कंटाळवाणा प्रवास सोसून सर्फिंगसाठी तिथे येतात, मेण फासलेल्या फळीवर पालथी पडून हातांनी वल्हवत आत जातात आणि क्षणभर उभं राहायला मिळावं म्हणून सकाळभर ताटकळतात. हे काही शहाण्या माणसाचं काम नाही, असं बाबा म्हणायचे. बाबांच्या दोन्ही मुली शहाण्या नव्हत्या.

धाकटीची शेड नदीच्या काठावरच होती. फुटलेल्या फळ्या दुरुस्त करणं हा तिचा धंदा. तडकलेला भाग कापून काढायचा, काचेच्या कापडाचं ठिगळ लावायचं, वर रेझिन ओतायचं आणि वाळलं की पॉलिश पेपरने घास घास घासायचं. संध्याकाळपर्यंत ती नखशिखांत पांढरी होऊन जाई. "आलं आमचं पिठातलं भूत!" असं ताई म्हणायची. म्हणायला ताई आता तिथे नव्हती. नर्स होऊन ती अशा शहरात गेली होती, जिथे वाहतं पाणी म्हणून बघायचं ते नळाचं.

ती गेली ते साल मोठ्या पुराचं. नदीने साचलेली सगळी वाळू उपसून नेली, लाट मोडली, आणि नोकरीचं पत्र येऊनही पाय ओढत बसलेल्या ताईला निघायला निमित्त मिळालं. "वाळू बसली की येईन गं," होडीत चढताना ती म्हणाली. तिची पिवळी लांब फळी शेडच्या आढ्याला टांगलेली राहिली.

पुढे एका पाहुण्याने ती फळी मागितली, तेव्हा धाकटीने ताईला फोन लावला. त्या काठावर रेंज म्हणजे नशिबाचा खेळ. एका पालथ्या घातलेल्या जुन्या होडीवर उभं राहिलं तरच दोन शब्द धड ऐकू यायचे.

"ताई, तुझी फळी एकजण मागतोय. देऊ की ठेवू?"

पलीकडे खरखर, घंटीचा आवाज, कुणाचं तरी कण्हणं. मग ताई ओरडली, "ठेव, ठेव!" आणि फोन बंद झाला.

धाकटीला तेवढं पुरलं. ठेव म्हणाली, म्हणजे येणार. त्या दिवसापासून तिने फळीला कुणाचं बोट लागू दिलं नाही. ऊन फिरलं की फळी फिरवायची, ओल्या फडक्याने पुसायची, कुणी नुसतं वर पाहिलं तरी, "ताईने ठेवायला सांगितलीय," म्हणून अंगावर जायची. "या फळीला जपतेस तसं एखाद्या माणसाला जपलं असतंस तर एव्हाना संसाराला लागली असतीस," बाबा म्हणत. धाकटी कानाडोळा करी.

आणि यंदा वाळू बसली. सकाळी जमिनीकडून वारा सुटला होता, ओहोटी लागत होती, आणि धाकटीच्या डोळ्यांदेखत लाट उभी राहिली, अगदी पूर्वीसारखी. ती धावत पाण्यात गेली. एक लाट घेतली आणि शेवटपर्यंत गेली. मग सवयीने मागे वळून पाहिलं. लाटेची वाट बघत ताई फळीवर जिथे बसायची तिथे नुसतं पाणी होतं. एवढ्या वर्षांनी मिळालेल्या लाटेवर खूश व्हायचं सोडून तिला रडू फुटलं.

ओल्या अंगानेच ती पालथ्या होडीवर चढली. "ताई, वाळू बसली!"

"काय सांगतेस!" ताईचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "ओहोटीला उभी राहते? पडलेल्या झाडापाशी वळते?"

"तिथेच वळते. ये ना आता. फळी तयार आहे तुझी. तू ठेव म्हणालीस, तेव्हापासून ठेवलीय."

"मी कधी म्हणाले?"

धाकटीने आठवण करून दिली. ताई खो खो हसत सुटली. "अगं वेडाबाई, फोन ठेव म्हणत होते मी! पेशंट कॉटवरून खाली पडत होता माझा!"

धाकटीही हसली. भर रस्त्यात घसरून पडलेलं माणूस हसतं, तशी.

"मग देऊन टाकू?" तिने विचारलं.

ताईचं हसू थांबलं. "दे. मी नाही येत आता, सोन्या. ह्यांची नोकरी, पोराची शाळा, माझ्या ड्युट्या. मला वाटत होतं फळी केव्हाच गेली असेल, आणि तेच बरं होतं. ती तिथे टांगलेली आहे म्हटल्यावर मला इथे धड उभं राहवणार नाही."

त्या दिवशी शेडमध्ये गणिताच्या एक बाई आल्या होत्या. सुट्टी काढून आलेल्या, आणि पहिल्याच सकाळी फळीचे दोन तुकडे करून बसलेल्या. धाकटी शिडीवर चढली. ताईने मारलेली गाठ काही केल्या सुटेना, तेव्हा तिने दोरी कापली.

"ही न्या तुम्ही. वळताना मागचा पाय थोडा आणखी मागे घ्या," ती म्हणाली.

बाई लाटेवर उभ्या राहिल्या, त्या हरवलेला चष्मा शोधतात तशा कमरेत वाकून. धाकटी काठावरून बघत राहिली. त्या कुठूनही ताईसारख्या दिसत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या होडीने बाई फळी घेऊन गेल्या.

त्यांना पोचवून धाकटी रेंजमध्ये आली, तर आदल्या संध्याकाळपासूनचे ताईचे फोन येऊन पडलेले. एकामागून एक. तिने उलटा फोन लावला.

"फळी दिलीस?" ताईने काही विचारायच्या आधी हेच विचारलं.

"दिली."

त्या दिवशी खरखर अजिबात नव्हती. ताईचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"इतक्या लगेच?" ताई म्हणाली.