माझ्या पोटातली जाड तार

मित्रांनो, मला पाहून नाक मुरडू नका. मी चिनी मातीचा एक जुना फ्यूज आहे. आज कळकट दिसतो, पण माझा जन्म फार स्वच्छ होता. पांढरी माती साच्यात दाबून, भट्टीत भाजून मला घडवलं. दोन्ही टोकांना पितळी स्क्रू बसवले. मग दौंडच्या एका दुकानातून वायरमनने मला खुटबाव गावात आणलं. बहात्तरच्या दुष्काळाआधीची ही गोष्ट. गावात वीज नवी नवी आली होती.

हौसराव नावाच्या बड्या बागायतदाराच्या माजघरात, लाकडी बोर्डावर मला बसवलं. माझ्या पोटात केसासारखी बारीक तार होती. घरात विजेचा भार फार वाढला की ती वितळायची आणि वीज तुटायची. आपण जळायचं, पण घर जळू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. पहिला दिवा लागला तेव्हा हौसरावांच्या आईने, सोजराबाईंनी, बोर्डाला हळदकुंकू वाहिलं. मला किती अभिमान वाटला होता!

तो फार टिकला नाही. हौसराव तंबाखू मळून झाली की चुन्याचं बोट बोर्डाला पुसत. माझ्यामागे झुरळांनी बिऱ्हाड थाटलं. पालीची लेंडकं माझ्या डोक्यावर पडत. तेही मी सोसलं.

मग घरात विजेची शेगडी आली. हौसरावांना तिचं कोण कौतुक! आंघोळीचं पाणी तिच्यावर, चहा तिच्यावर, पाहुण्यांना दाखवायलाही तीच. शेगडी लाल झाली की माझी तार वितळायची. मी इमानाने काम करत होतो, पण हौसराव चिडायचे.

"ह्यो सारखा मरतोय! ह्याला आता मरायलाच न्हाई देत," असं म्हणून एके दिवशी त्यांनी गंजकी, जाड तार माझ्या पोटात पिळून पिळून भरली.

मित्रांनो, काय सांगू! उष्टं हाडूक कुणी तोंडात कोंबावं तशी मला किळस आली. वाचवणारा मी, आता नुसता दरवाजा उघडा टाकणारा पहारेकरी झालो. शेगडी तापे, भिंतीतल्या वायरी तापत आणि जळक्या रबराचा वास घरभर पसरे. "उंदीर मेला असंल," म्हणत हौसराव उदबत्ती लावत.

पडवीच्या पत्र्यावरून एक वायर गोठ्याकडे गेली होती. तिचं रबर हळूहळू वितळलं आणि उघडी तार पत्र्याला टेकली. त्याच पत्र्याच्या लोखंडी खांबाला कपडे वाळत घालायची तार बांधलेली होती.

एका सकाळी सोजराबाई ओलं लुगडं वाळत घालायला गेल्या आणि तारेलाच चिकटल्या. अंगणात चांगुणा ज्वारी पाखडत होती. ती बौद्धवाड्यातली, रोजाने कामाला येणारी. तिला या घरात उंबऱ्याच्या आत यायची बंदी होती. पाणीसुद्धा वरून ओंजळीत ओतायचे.

हौसराव आईला धरायला धावले.

"मालक, हात लावू नका! तुमीबी चिकटाल! लाईट बंद करा!" चांगुणा ओरडली.

हौसराव जागीच थबकले. वीज तोडायला मला कसं ओढतात, हे चांगुणाने अंगणातून कितीदा पाहिलं होतं. तिने सूप टाकलं, उंबरा ओलांडला आणि मला बोर्डावरून ओढून काढलं. मी निखाऱ्यासारखा तापलो होतो. तिची बोटं भाजली, पण तिने मला सोडलं नाही. बाहेर सोजराबाई धाडकन खाली पडल्या. हात होरपळला, पण जीव वाचला.

संध्याकाळी काय झालं ठाऊक आहे? हौसरावांनी उघडी वायर चिकटपट्टीने गुंडाळली आणि तीच जाड तार घालून मला परत बसवलं. मग चांगुणाची पावलं जिथे पडली होती तिथे गोमूत्र शिंपडलं. त्याचे शिंतोडे माझ्यावरही उडाले. पाल, झुरळं, चुना, सगळं परवडलं. त्या शिंतोड्यांची मात्र मला शिसारी आली.

सोजराबाई अंथरुणातून हे बघत होत्या. त्या उठल्या आणि धड हाताने त्यांनी मला उपटलं.

"आई, अंधार पडंल!"

"पडू दे. ती मला वाचवाया आली, तर घर बाटलं व्हय रं? आन् तुझी तार मला मारत हुती, ती सोवळी? चांगुणा हितं माजघरात बसून चहा पेईल, तवाच ह्यो बोर्डावर जाईल."

त्यांनी मला कनवटीला खोचलं. घरात कंदील आले. शेगडी थंड पडली. शेवटी हौसराव मान खाली घालून बौद्धवाड्यात गेले. चांगुणा आली, पण अंगणातच थांबली. बोटांना चिंधी बांधलेली होती.

"ये आत. चहा ठिवलाय," हौसराव म्हणाले.

"चहा नको, मालक. त्या दिशी मी बोलवायची वाट बघितली न्हाई, कारण माणूस मरत हुतं. आज कुणी मरत न्हाई. मला आईंचा हात तेवढा बघू द्या."

सोजराबाई पायऱ्या उतरून अंगणात आल्या. दोघींनी एकमेकींचे भाजलेले हात पाहिले. माजघरातला चहा निवून गेला. मग चांगुणाचं म्हणणं पटून सोजराबाईंनी चहाची अट सोडली आणि मला हौसरावांच्या हातात दिलं. "शेगडी आधी दाराबाहेर काढ. मग ह्यात बारीक तार घाल." हौसरावांनी दोन्ही केलं.

मित्रांनो, फ्यूज उडाला तर त्याला शिव्या देऊ नका. भार का वाढला ते शोधा. माझ्या पोटात कधीही जाड तार भरू नका. लोखंडी तारेवर कपडे वाळत घालू नका. विजेला चिकटलेल्या माणसाला धरण्याआधी वीज बंद करा. आणि तुम्हाला वाचवायला जो धावत आत येईल, त्याची पावलं पुसू नका.