खडीवरचा पाळणा

मी पाळणा बोलतोय. पण अंगाई ऐकायला मिळेल म्हणून माझ्याजवळ बसणार असाल, तर आधीच सांगतो, माझ्या आयुष्यात गाणी थोडी झाली. हातोडीचे आवाज फार झाले.

माझा जन्म तिसगावच्या सहादू सुताराच्या पडवीत झाला. मी कडुनिंबाच्या लाकडाचा. "लिंब थंड असतो बाई, लेकराला मानवंल," असं तो भागिरथीला म्हणाला होता. तेव्हा तिला सातवा महिना होता. नवऱ्याबरोबर, सूर्यभानबरोबर ती बाजाराला आली होती आणि उन्हात उभी राहून माझा एकेक गज हात फिरवून बघत होती. कुठे लाकडाची कूस तर टोचत नाही ना! मला लाल रंग द्यायला तिनेच सांगितलं. सूर्यभानने मला डोक्यावर घेतलं आणि ती दोघं वाटेने हसत घरी आली. त्यांचं घर गावापासून जरा लांब, मळ्यात होतं.

मुलगा झाला. बारशाला मला झेंडूच्या माळा बांधल्या. पण चौथ्या महिन्यात पोराला ताप भरला आणि तो तापातच गेला. सूर्यभानने मला आढ्यावरून सोडलं आणि माळ्यावर टाकलं. पुढे माझ्यात तुटकं सूप आलं, फाटकी पोती आली, उंदीर नांदू लागले.

माळ्यावरून मला घर दिसायचं. भागिरथी कामाला वाघीण होती, पण बोलणं आटलं होतं. पुन्हा तिला दिवस गेले नाहीत. माणसांची एक रीत मी वरून पाहिली. तिला कोणी वाईट बोललं नाही. फक्त बारशाचं, ओटीचं बोलावणं यायचं बंद झालं. शेजारच्या मळ्यात पाळणा हलायचा, गाण्याचा आवाज यायचा, आणि ही चुलीपुढे बसून लाकडं उगीच मागेपुढे सारायची. तिची सासू बनुबाई दारातच कोणाकोणाशी हळू आवाजात बोलायची. भागिरथीला सगळं ऐकू यायचं.

मग बाहत्तर सालचा दुष्काळ पडला. आधीच्या साली पाऊस उणा होता, त्या साली तो आलाच नाही. विहिरीच्या तळाला भेगा दिसू लागल्या. बैल जनावरांच्या छावणीत नेले, ते परत आले नाहीत. सरकारने रस्त्याचं काम काढलं आणि आख्खं गाव खडी फोडायला गेलं. कालपर्यंत ज्यांच्या शेतात मजूर राबायचे, तेही फडकं बांधून मजुरांच्या शेजारी दगडापुढे बसले. भागिरथी आणि सूर्यभानही गेले.

एका संध्याकाळी भागिरथी घरी आली. हातपाय न धुताच उंबऱ्यात बसली.

"काय झालं गं?" बनुबाईने विचारलं.

झालं होतं असं. बौद्धवाड्यातली पुष्पावती तिच्या शेजारी खडी फोडायची. तिने आपली तान्ही पोर, सुजाता, दगडाच्या ढिगाच्या सावलीत फडक्यावर निजवली होती. दगडाचा ट्रक मागे येत आला. ड्रायव्हरला पोर दिसण्याचं कारणच नव्हतं. भागिरथीने हातोडी टाकली, धावली आणि फडक्यासकट पोर ओढून घेतली. दगड ओतले गेले ते नेमके त्याच जागी.

"रोज तिथं पोरं अशीच पडत्यात," ती म्हणाली. "कुनी ढिगाआड, कुनी उन्हात. आत्याबाई, मला पाळना खाली काढायचाय."

बनुबाई ताडकन उठली. "त्याचं नाव काढू नको! ज्याचं हुतं त्याच्यासंगं गेलं. पुन्यांदा घरात दुख आनतीस व्हय?"

"दुख घरातच हाय, आत्याबाई. ते काय कुटं गेलंय?"

इतकं मोठं वाक्य तिच्या तोंडून मी कितीतरी दिवसांनी ऐकलं. सूर्यभान आतापर्यंत भिंतीला टेकून बसला होता. तो उठला, त्याने शिडी लावली, वर आला आणि पोती बाजूला करून मला उचललं. त्याचे डोळे भरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला कामावर नेलं आणि रस्त्याकडेच्या लिंबाला टांगलं. लिंबाच्या लाकडाला लिंबाचीच फांदी मिळाली. भागिरथीने मला ओल्या फडक्याने पुसलं, आत धुतलेलं लुगडं अंथरलं आणि म्हणाली, "बायांनो, पोरं हितं आना. सावली हाय. मी बघीन."

कोणी उठलं नाही. हातोड्या चालू राहिल्या. शेवटी राहीबाई बोलली. राहीबाई म्हणजे गावातली वजनदार बाई. ती बोलली की बाकीच्या माना डोलवायच्या. तिची सून आपलं पोर मांडीत घेऊनच दगड फोडत होती.

"भागिरथे, राग मानू नको," राहीबाई म्हणाली, "पन त्या पाळन्यातलं लेकरू गेलंय. आमी आमची पोरं त्यात कशी ठेवावी?"

भागिरथीचा चेहरा मी पाहिला. मला वाटलं, आता ही मला सोडणार आणि घरी जाणार. पण ती तिथेच, माझा गज धरून उभी राहिली. तेवढ्यात पुष्पावती उठली. कमरेवरची पोर तिने माझ्यात अलगद ठेवली.

"काल ह्या बाईनं वढलं नसतं तर आज माझी पोर कुटं असती?" ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मला न्हाई भ्या वाटत."

सुजाता माझ्यात झोपली. तिचं वजन ते काय! पण इतक्या वर्षांनी अंगावर ऊब आली आणि माझ्या सांध्यासांध्यात जीव आल्यासारखं झालं.

मात्र आता बायांना आणखी एक कारण मिळालं. जात. ते तोंडाने कोणी म्हणालं नाही, पण माझ्याकडे पाहताना त्यांच्या नजरा सुजातावर अडखळायच्या. दुष्काळाने सगळ्यांना एका रांगेत बसवलं होतं, मनं मात्र आपापल्या जागीच होती.

त्यात गोरख मुकादम आला. "भागिरथीबाई, हे काय? पोरं खेळवायची हजेरी मांडत न्हाईत. खडी न्हाई तर नाव न्हाई."

"खडी हुईल," ती म्हणाली.

तिने आपले दगड लिंबाखाली वाहून आणले. माझी दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली. हाताने हातोडी मारायची आणि पायाने मला हलवायचं. पहिल्या दिवशी ताल जमेना. पाय हलला की घाव चुकायचा, बोटावर बसायचा. संध्याकाळी सूर्यभानने तिच्या बोटांना हळद बांधली. "एवढं कशापायी करतीस?" असं त्याने विचारलं. तिने बांधलेली बोटं हलवून बघितली. मग म्हणाली, "सकाळी उठावं वाटाया लागलंय, म्हनून."

असेच दिवस गेले. माझ्यात सुजाता एकटीच असायची. भागिरथीचा ढीग सगळ्यांपेक्षा लहान दिसायचा आणि मुकादम रोज मान हलवून पुढे जायचा.

एके दुपारी किंकाळी ऐकू आली. राहीबाईच्या सुनेच्या हातोडीखालून दगडाची कपची उडाली आणि मांडीतल्या पोराच्या कपाळाला लागली. रक्ताने सुनेचे हात भरले, ती सुन्न होऊन बसली. राहीबाईने नातवाला उचललं आणि ती धावत सुटली. कुठे, तर लिंबाकडे. माझ्याजवळ येऊन मात्र तिचे पाय थबकले. माझ्यात सुजाता झोपलेली.

भागिरथीला सूड घ्यायची यापेक्षा चांगली संधी मिळाली नसती. तिने फक्त हात पुढे केले. "द्या इकडं."

स्वतःला प्यायला ठेवलेल्या घागरीतल्या पाण्याने तिने जखम धुतली, पदर फाडून पट्टी बांधली. जखम खोल नव्हती, डोळा थोडक्यात वाचला होता. मग तिने सुजाताला एका कडेला सरकवलं आणि राहीबाईकडे पाहिलं.

"ठेव," राहीबाई म्हणाली. "दोघं बी मावतील."

आणि ती परत गेली नाही. भागिरथी पोराला थोपटत होती. राहीबाई तिच्या जागेवर बसली, तिचीच हातोडी घेतली आणि दगड फोडू लागली. मुकादम आलाच.

"राहीबाई, ही तुमची खडी न्हाई."

"माझा नातू तिच्या हातात हाय," राहीबाई मान वर न करता म्हणाली. "मग तिची खडी कोन फोडनार? तू?"

मुकादम हसला. तोही माणूसच होता. त्या दिवसापासून माप घ्यायच्या आधी प्रत्येक बाई एक घमेलं भरून भागिरथीच्या ढिगावर ओतू लागली. कोणी ठरवून दिलं नव्हतं. मुकादम त्या वेळी पाठ फिरवून विडी ओढायचा. माझ्याकडे येणारी पोरं वाढली. मोठी पोरं सावलीत खेळायची, तान्ही माझ्यात पाळीपाळीने झोपायची. काम पुढे सरकलं, तिथे झाड नव्हतं. सूर्यभानने तीन वासे बांधून मला उभं केलं आणि वर पाला टाकला.

एक दिवस खुद्द बनुबाई उन्हातून काठी टेकत आली. झोपलेली पोरं पाहिली. काखेतून एक मऊ गोधडी काढून तिने सुनेच्या पुढ्यात ठेवली. स्वतःच्या लग्नातलं लुगडं तिने त्यात शिवलं होतं.

"फळी टोचत असंल पोरांला," ती म्हणाली. तिने एवढंच म्हटलं आणि परत निघाली. भागिरथीने तिला हात धरून बसवलं, पाणी दिलं. त्या दुपारी त्या दोघी माझ्या दोन बाजूंना बसल्या होत्या. भागिरथीला मोठ्याने हसताना मी त्या दिवशी ऐकलं. कशावर हसल्या, ते आता आठवत नाही. पोरांच्याच कशावर तरी असेल.

पुढच्या साली पाऊस झाला, काम उठलं. पण बैल गेले होते. ते घेतल्याशिवाय शेत उभं राहणार नव्हतं. म्हणून दिवाळीनंतर सूर्यभान आणि भागिरथी टोळीबरोबर ऊस तोडायला बेलापूरच्या साखर कारखान्याकडे निघाले. त्याच टोळीत पुष्पावती होती, राहीबाईची सून होती. ट्रकमध्ये भांडी चढली, बोचकी चढली. मला न्यायचं का, हे कोणी विचारलंही नाही. राहीबाई गावाकडेच राहणार होती, पण तिने स्वतःच्या हाताने मला वर चढवलं.

आता मी उसाच्या फडाशेजारी, पाचटाच्या कोप्यांपुढे, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांच्या झोपड्यांपुढे उभा आहे. माझा लाल रंग पार उडालाय. एक गज मोडला, तिथे बाभळीची काठी बसवली आहे. भागिरथी ऊस तोडते, पण पोरांचा आवाज आला की टोळीतल्या बायाच म्हणतात, "तू जा, तुझी मोळी आमी बांधतो."

माझ्याजवळ शहाणपण फारसं नाही. पाहिलं तेवढं सांगतो. दुःख आहे म्हणून माणसाचा हात रिकामाच राहायला हवा असं नाही. त्या हाताने दुसऱ्याचं काहीतरी धरलं, की दिवसाला कारण मिळतं. तुमच्या घरातही एखादी वस्तू अशी असेल, की जिच्याकडे बघवत नाही. ती कोणाच्या तरी कामाला लावून पाहा. आधी लोक बोलतील. बोलू द्या.

पण आता मला थांबायला हवं. बांधावरून एक बाई येते आहे. आमच्या टोळीतली नाही, कुठल्या गावची ठाऊक नाही. छातीशी चिंधीत गुंडाळलेलं बाळ आहे. माझ्यात आधीच दोघं आहेत. ती जरा लांबच उभी राहिली आणि संकोचून विचारते आहे,

"बाई, जागा हाय का?"

भागिरथीने कोयता खाली ठेवला.

"हाय की. आन इकडं."