चर्चपेक्षा बुटकं

आमच्या परसातलं तळघर तळघर नाहीच. ते आमच्या झारनेवो गावातल्या ज्यूंचं सिनेगॉग, त्यांचं प्रार्थनाघर. चर्चपेक्षा उंच बांधायचं नाही असा जुना हुकूम होता, म्हणून त्यांनी जमीन खणली आणि उंची खाली नेली. वरचं लाकूड युद्धात जर्मनांनी जाळलं. खालचं राहिलं. बाबांनी त्यावर पत्रे टाकले, आत बटाटे भरले.

मंगळवारी हैफाहून फिशेल नावाचा म्हातारा आला. फाटकातच टोपी काढून म्हणाला, "घर नको मला. सिनेगॉगात पूर्वेच्या भिंतीपाशी माझे वडील उभे राहायचे. तिथं उभं राहून त्यांच्यासाठी एकदा प्रार्थना म्हणतो आणि जातो."

बाबा म्हणाले, "सिनेगॉग कुठलं? आमच्याकडे नाही."

"आहे की," मी म्हणाले. "त्या पत्र्यांखाली."

"शाळा सुटली तशी जीभही सुटलीय हिची." बाबा हसले. "बरं, एकटेच म्हणणार?"

"खरं तर आमच्यात या प्रार्थनेला दहा पुरुष जमावे लागतात."

"दहा पोती बटाटे आहेत. चालतील?"

मला हातातली बादली बाबांच्या तोंडावर फेकावीशी वाटली.

"उद्या या," बाबा म्हणाले. "साफ करून ठेवतो."

मला खरं वाटलं. मूर्ख मी.

सकाळी उठले तर पत्रे निघालेले, पोती अंगणात, खड्डा काठोकाठ राडारोड्यानं भरलेला. सिमेंटची गाडी त्यावर काँक्रीट ओतत होती.

"आज प्रार्थना, उद्या जमीन मागेल," बाबा म्हणाले. "मी काय खुळा आहे?"

फिशेल आला. बूट चकचकीत, दाढी केलेली. तो काठाशी थांबला.

"वरूनच म्हणा," बाबा म्हणाले. "देवाला ऐकू येतं."

माझं डोकं फिरलं. मी सरळ ओल्या काँक्रीटमध्ये शिरले, घोट्यापर्यंत रुतत पूर्वेच्या टोकाला गेले. "आजोबा, इथंच ना? म्हणा तुम्ही, मी बघते कोण अडवतं ते."

"वडील तिथं वर नाहीत, पोरी. दोन पुरुष खोल, खाली उभे आहेत," फिशेल म्हणाला. "आणि तूही त्यांच्यावरच उभी आहेस. उतर."

तो बसथांब्याकडे चालू लागला. प्रार्थना त्यानं म्हटलीच नाही.

मी पाय उपसले, बूट आतच राहिले. बाबांनी ते ओढून काढले, भोकांवरून थापी फिरवली.

"नवे होते," म्हणाले.