सात दिवसांचे पाहुणे

साडेतीन महिने मनकर्णाने देवाजी परात्याची पाठ सोडली नव्हती. सकाळी सातला ती त्याच्या दारात हजर. त्याची बायको अंजनाबाई पाण्याचा गिलास आणून द्यायची आणि देवाजी क्षयाच्या तीन गोळ्या एकेक करून गिळायचा. मळमळते, सांधे धरतात, लघवी लाल होते, हे त्याचं रोजचं गाऱ्हाणं. मनकर्णा सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "अर्ध्याच्या वर आलो गा भाऊ आपण. आता मधातच सोडलं तं आतापर्यंतचं सगळं पाण्यात."

मनकर्णा गजभिये वस्तीची आशाताई होती. नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारामागची दोनशे घरं तिच्याकडे. देवाजी कोष्ट्याच्या घरातला. बापाचा हातमाग विकला गेला तेव्हापासून तो बाजारात पोती उचलत आला होता. मिरचीच्या हंगामात तिथे सगळ्यांनाच ठसका लागतो, म्हणून त्याचा खोकला घरच्यांनी वर्षभर मिरचीच्या नावावर खपवला. शेवटी मनकर्णाने त्याच्या हातात थुंकीची डबी कोंबली आणि पाठीमागे लागून तपासणी करवली. तिचं म्हणणं खरं निघालं. घरात बायको, मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात हर्षा. ही पोरगी आज्याच्या मांडीवरून उतरायची नाही, त्यामुळे मनकर्णाला या घराची धास्ती इतर घरांपेक्षा जास्त होती.

जानेवारीत उमरेडला तिच्या भाचीचं लग्न निघालं. पाच दिवसांच्या गोळ्या तिने अंजनाबाईच्या पदरात टाकल्या, दोनदा बजावलं आणि मग गाडीत बसली.

त्याच पाच दिवसांत पाहुणे आले. बंगळूरच्या एका मोठ्या चर्चची तुकडी होती. बारा-चौदा जणं, सगळ्यांचे टी-शर्ट एकसारखे निळे. गरिबांच्या सेवेसाठी, जाणंयेणं धरून, सात दिवसांची यात्रा. वस्तीत ओमप्रकाश पास्टरचं टिनाच्या छपराचं प्रार्थनागृह होतं, तिथेच त्यांनी मुक्काम टाकला. ओमप्रकाशबद्दल वस्तीत कोणाची तक्रार नव्हती. कोणाच्याही मयतीला तो पहिला हजर असायचा. पाहुण्यांनी प्रार्थनागृहाच्या भिंती रंगवल्या, पोरांना गाणी शिकवली, आणि पाचव्या दिवशी आरोग्य शिबिर व प्रार्थनासभा एकाच मांडवात घेतली.

सहाव्या दिवशी सकाळी मनकर्णा परतली. बॅग घरात टाकून ती सरळ देवाजीकडे गेली. तो दाढी करून, तेल लावून उन्हात बसला होता. अंजनाबाई तिच्याकडे न पाहता आत निघून गेली.

"गोळ्या घेतल्या नं भाऊ?"

"आता नाई लागत मले," देवाजी हसून म्हणाला. "बरा झालो मी."

"कोणं सांगतलं?"

देवाजीने मुलाचा मोबाइल तिच्यापुढे धरला. पाहुण्यांनी सभेचा व्हिडिओ आपल्या चर्चच्या पानावर टाकला होता आणि सगळ्या वस्तीत पाठवला होता. त्यात देवाजी मंचावर उभा होता आणि पाहुण्यांचा पुढारी, ज्योएल नावाचा तिशीतला माणूस, त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत होता. प्रार्थना संपल्यावर देवाजीने विचारलं, "मंग आता गोळ्या बंद करू का?" ओमप्रकाशने ते इंग्रजीत सांगितलं. ज्योएल हसला, देवाजीचा खांदा दाबला आणि इंग्रजीत दोन वाक्यं बोलला. ओमप्रकाश माइकमध्ये म्हणाला, "विश्वास असला तं कायची भीती?" देवाजीने खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि मंचाशेजारच्या कचऱ्याच्या ड्रममध्ये टाकली. टाळ्यांचा कडकडाट झाला. देवाजी रडत होता.

मनकर्णाने व्हिडिओ दोनदा पाहिला. पहिल्यांदा ती पट्टी पाहत होती, दुसऱ्यांदा देवाजीचं तोंड. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात या माणसासाठी कोणी टाळी वाजवली नव्हती. सकाळी सातला दारात उभं राहून तिनेही कधी वाजवली नव्हती. हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिचा राग दुप्पट झाला.

प्रार्थनागृहात निरोपाच्या कार्यक्रमाची तयारी चालू होती. मनकर्णा आत शिरली ती थेट ज्योएलसमोर जाऊन उभी राहिली. शाळेपासूनची तिची हिंदी चांगली होती.

"आपके कैंप में डॉक्टर कौन था?"

डॉक्टर कोणी नव्हता. दातांचं शिक्षण घेणारी एक मुलगी होती. तिने ताकदीच्या गोळ्या आणि खोकल्याचं औषध वाटलं होतं. मनकर्णाने देवाजीचा आजार सांगितला, किती महिने झाले आणि किती राहिले ते सांगितलं. मध्येच सोडल्यावर रोग औषधाला दाद देईनासा होतो, हे अगदी सोपं करून सांगितलं.

ज्योएलने शांतपणे ऐकलं. "हमने दवा बंद करने को नहीं कहा, दीदी. ये उनका अपना विश्वास है."

"उन्होंने पूछा था. आपने ना नहीं कहा."

मनकर्णा म्हणाली, ज्या मंचावर पट्टी टाकली त्याच मंचावर आज संध्याकाळी त्याला सांगा, की गोळ्या घे. त्याच माइकवर. तो तुमचंच ऐकेल, माझं ऐकणार नाही. ज्योएलने मान हलवली. सांगतो म्हणाला. ओमप्रकाश बाजूलाच उभा होता, तिच्याकडे न पाहता वायर गुंडाळत.

"पास्टरजी, तुमाले तं माहीत होतं," ती त्याला म्हणाली. "तुमच्याच समोरून मी रोज त्यायच्या घरी जातो."

"पाहुणे होते ताई," ओमप्रकाश पुटपुटला. "भरल्या सभेत कसं बोलू?"

संध्याकाळी ती मांडवात मागे उभी राहिली. गाणी झाली, ब्लँकेटं वाटून झाली. दातांची मुलगी वस्तीच्या पोरांना मिठी मारून रडली, तेही कोणीतरी मोबाइलमध्ये टिपलं. ज्योएल शेवटी वीस मिनिटं बोलला. नागपूरने आम्हाला किती दिलं, यावर. गोळ्यांचा एक शब्द नाही. मनकर्णा पुढे जाईपर्यंत सगळे बसमध्ये बसले होते. ज्योएल खिडकीतून म्हणाला, गाडीची वेळ झाली दीदी, आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करत राहू. बस निघून गेली.

नंतर तिने काय करायचं बाकी ठेवलं? आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना घरी आणलं. अंजनाबाईला रडवलं. देवाजीच्या मुलाला भर रस्त्यात झापलं. देवाजी हात जोडून म्हणायचा, "बाई, आता गोळी खाल्ली तं माहा विश्वास खोटा ठरते." त्याच्या तोंडात गोळी कोंबण्याचा अधिकार कोणाला नव्हता.

अशात एक दिवस विक्की आला. वस्तीच्या तोंडाशी त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि तो एका संघटनेचा पदाधिकारीही होता. त्याने टाइप केलेला अर्ज आणला होता. लालूच देऊन धर्मांतर, खाली साक्षीदार म्हणून मनकर्णाचं नाव.

"सही मार ताई. ओमप्रकाशले आतमधी टाकू."

मनकर्णाने अर्ज पूर्ण वाचला. "देवाजीभाऊनं धर्म कुठी बदलला? त्यायच्या देव्हाऱ्यात गणपती जसाच्या तसा आहे."

"तो बदलवणारच होता नं."

"हे पाय विक्की. माह्या आज्यानं छप्पन साली दीक्षाभूमीवर धर्म बदलला, म्हून मी आज चार अक्षरं वाचून उभी आहो. धर्म बदलू नका असं मी कोणाले काहून सांगू? त्यायनं गोळ्या सोडवल्या. गोळ्यांचं लिहितं का याच्यात?"

विक्कीने डोकं खाजवलं. "त्याच्यात दम नाई ताई. त्याच्यासाठी रस्त्यावर कोणी येत नाई."

"मंग घेऊन जा तुहा कागद."

जाता जाता विक्कीनेही देवाजीचा एक फोटो काढून नेला. मनकर्णाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. ज्याला त्याला देवाजी हवा होता. देवाजीचं फुफ्फुस मात्र कोणालाच नको होतं.

मार्चमध्ये खोकला परतला. देवाजीने कोणाला सांगितलं नाही. मनकर्णाने पुन्हा आणून दिलेल्या पट्ट्या अंजनाबाईने पिठाच्या डब्यामागे ठेवल्या होत्या, त्यातून तो चोरून दोन दिवस गोळ्या घ्यायचा. मग आपला विश्वास कमी पडला म्हणून घाबरायचा आणि पुन्हा सोडायचा. असं महिनाभर चाललं. रोगाला शिकवून तयार करायची याहून चांगली रीत नव्हती. एप्रिलच्या एका दुपारी बाजारात पोतं उचलताना त्याच्या तोंडातून रक्त आलं. तपासणीत निघालं की नेहमीच्या गोळ्या आता चालणार नाहीत. दुसरी औषधं, जास्त कडक, दीड वर्ष.

पावसाळ्यात हर्षाला ताप येऊ लागला. मानेवर गाठी आल्या. मनकर्णाच तिला कडेवर घेऊन दवाखान्यात गेली. अहवाल आला तेव्हा डॉक्टर काही बोलण्याआधीच तिला कळलं. आज्याचाच रोग, आज्याचाच हट्टी जंतू. पोरीलाही तीच कडक औषधं लागली. दोन महिन्यांत तिचं गोरं अंग काळपट झालं. हे औषधाने होतं आणि नंतर निघून जातं, असं मनकर्णाने शाळेत जाऊन बाईंना सांगितलं. पोरं तिला 'जळकी' म्हणायची ती म्हणतच राहिली.

मनकर्णाने ज्योएलचा नंबर मिळवला आणि फोन केला. त्याने ऐकलं, वाईट वाटलं म्हणाला, प्रार्थना करतो म्हणाला. व्हिडिओ काढून टाका, असं ती म्हणाली तेव्हा त्याने विचारलं, नक्की कोणता? ती इतकी चिडली की तिला हिंदी सुचेना. "ज्याच्यात तुम्ही माणूस मारून राहिले, तो," असं मराठीतच म्हणून तिने फोन ठेवला. व्हिडिओ आठ दिवसांनी गेला. त्यामागून एक शब्द आला नाही.

पुढच्या जानेवारीत तुकडी पुन्हा आली. या वेळी टी-शर्ट हिरवे होते. दुसऱ्या दिवशी ज्योएल दोन नव्या पोरांना घेऊन देवाजीच्या घरी आला, हातात फळांची टोपली. मनकर्णा तिथेच होती. हर्षाच्या गोळ्यांची वेळ होती.

देवाजी भिंतीला धरून उठला. पस्तीस किलोचा देह, शर्ट खुंटीला टांगल्यासारखा. त्याने हात जोडले. "या साहेब, बसा," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत खरोखर आनंद होता. मनकर्णाला तो आनंद बघवला नाही.

नव्या पोरांपैकी एकाने मोबाइल वर उचलला. मनकर्णाने तो त्याच्या हातातून काढून पालथा करून खाटेवर ठेवला. "बैठिए," ती तिघांना म्हणाली. "अब देखकर ही जाइए."

अंजनाबाईने गोळ्या चमच्यात चुरल्या, गूळ घातला. हर्षाने पहिला चमचा घेतला, दुसरा घेतला, तिसऱ्याला ओठ घट्ट मिटले. मनकर्णाने तिला मांडीवर घेतलं, नाक न दाबता, आवाज न चढवता, एक एक चमचा आत घातला. पाच मिनिटांत पोरीने सगळं ओकलं, मनकर्णाच्या लुगड्यावर आणि थोडं ज्योएलच्या बुटांवर. तो उठायला लागला. मनकर्णा पोरीला घेऊन दारात जाऊन बसली.

"अभी आधा घंटा रुकते हैं. फिर वही दवा, वापस."

अर्धा तास तिघे तिथेच बसून राहिले. हर्षा डोकं टेकवून पडली होती, काळपट हात लोंबकळत. मग पुन्हा चमचे. पोरगी आवाज न करता रडली, एवढं तिला आता सवयीचं झालं होतं. नवी पोरं जमिनीकडे बघत होती.

"मुझे पता नहीं था," ज्योएल हळूच म्हणाला.

"पता था. मैंने बताया था. आप सुनके बस में बैठ गए."

मनकर्णा दारातून बाजूला झाली. ते तिघे गेले.

देवाजी तिच्यावर नाराज झाला. "घरी आलेल्या पाहुण्याले असं बोलतेत का वं बाई? इतक्या दुरून आला तो."

"भाऊ, तुम्ही चूप बसा," मनकर्णा म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदा तिचा आवाज त्याच्यावर फाटला. "तुमाले माफ करायचं तं करा. ह्या पोरीच्या वतीनं करू नका."

देवाजीने नातीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तो खाली बसला आणि तोंडाला पंचा लावून रडू लागला. मनकर्णाने त्याची समजूत घातली नाही.

त्या रात्रीच्या प्रार्थनासभेला ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी अंजनाबाईने सांगितलं. ज्योएल बरं होण्याबद्दल काही बोलायला लागला तेव्हा ओमप्रकाशने त्याचं वाक्य अर्ध्यात तोडलं. माइक हातात घेऊन तो मराठीत म्हणाला, की गोळ्या कोणीच सोडू नका, मागच्या वर्षी याच जागी मी चुकीचं बोललो, देवाजीचं आणि त्याच्या नातीचं पाप माझ्या माथी आहे. ज्योएल बाजूला उभा राहून विचारत होता, हा काय म्हणतोय. कोणी त्याला सांगितलं नाही.

"चांगलं बोलला वं पास्टर," अंजनाबाई म्हणाली.

"एक साल उशिरा बोलला," मनकर्णा म्हणाली, आणि हर्षाचा चमचा धुवायला उठली.