तीन वाजेपर्यंत

"दादा, फोन नक्की बंद केलास ना?" धाकट्या बहिणीने जिन्यातूनच विचारलं.

"सकाळीच केला. आता बोंबलत बसू देत," म्हणत मशीनवाल्यांनी पुन्हा खिडकीच्या फटीला डोळा लावला.

शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, म्हणून सगळं गाव त्यांना मशीनवाले म्हणायचं. पक्षात त्यांनी बावीस वर्षं घासली. सतरंज्या उचलल्या, भिंती रंगवल्या, दोनदा नगरसेवकही झाले. व्यासपीठावर मात्र कायम मागच्या रांगेत. यंदा विधानसभेचं तिकीट तुम्हालाच, असं जिल्हाध्यक्षांनी पाठीवर हात ठेवून सांगितलं आणि दिलं परवा पक्षात आलेल्या ठेकेदाराला. मशीनवाल्यांचं डोकंच फिरलं. त्यांनी अपक्ष अर्ज ठोकला.

अर्ज मागे घ्यायची मुदत आज दुपारी तीनपर्यंत होती. तोवर पुढारी धावत येणार, हातापाया पडणार, महामंडळाचं गाजर दाखवणार! सापडायचंच नाही असं ठरवून ते बहिणीच्या माडीवर येऊन बसले होते. बसले कसले, येरझाऱ्या घालत होते.

एक वाजता गल्लीत गाडी थांबली. ते झटकन खाली वाकले. गॅसवाला होता.

दीडला त्यांनी बहिणीचं मशीन उघडलं.

"अरे, चांगलं चालतंय ते."

"कुरकुरतंय," ते म्हणाले. काढलेला भाग पुसून बसवला, पुन्हा काढला. शेवटी राहवेना. "तुझ्या वहिनीला फोन लाव गं. कोण कोण येऊन गेलं, विचार."

ती खाली गेली. वर यायला तिने बराच वेळ लावला.

"आले होते," ती म्हणाली. "जिल्हाध्यक्ष. स्वतः."

मशीनवाल्यांचा चेहरा उजळला. "घरी?"

"नाही, दुकानात. अर्धा तास बसून होते म्हणे. घामाघूम. मशीनवाल्यांना शोधा, त्यांच्याशिवाय आपलं काही खरं नाही, असं म्हणत होते."

दुकान आज उघडलंच नव्हतं. सकाळी कुलूप त्यांनीच लावलं होतं आणि किल्ली त्यांच्या खिशात होती.

ते बहिणीकडे बघत राहिले. ती खिडकीबाहेर बघत होती. बावीस वर्षांत इतकं एकटं त्यांना कधी वाटलं नव्हतं, आणि तिच्याबद्दल इतकी मायाही कधी दाटून आली नव्हती.

खाली घड्याळात तीनचे ठोके पडले.

"चहा विचारला ना वहिनीने?" त्यांनी विचारलं.

"दोनदा."

"बरं केलं," ते म्हणाले. "एवढ्या लांबून आली होती माणसं."